ओबेदचा दुसरा हात

“नदीचा अलीकडचा काठ या जिल्ह्याचा, पलीकडचा त्या जिल्ह्याचा. मग मधलं पाणी कुणाचं?” माझा थोरला भाऊ ओबेद जन्मभर हेच विचारत राहिला.

ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली गोष्ट. लोक ती ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणून सुरू करतात. मला तसं म्हणवत नाही. पण ऐका.

आमच्या गावाला पूल नव्हता. डॉक्टर पलीकडे, गिरणी पलीकडे. उन्हाळ्यात ओबेदची नाव होती. हिवाळ्यात नदी गोठली की लोक बर्फावरून चालत, आणि दर हिवाळ्यात नदी कुणाला तरी गिळायची. पूल मागितला की एक जिल्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी ओबेद म्हणाला, “मग राज्यालाच विचारतो.” तो निवडणुकीला उभा राहिला आणि गावाने त्याला आमदार केलं.

राजधानीला तो खांद्यावर वल्हं घेऊन गेला, असं म्हणतात. तो बोलायला उठला की विधिमंडळाच्या बाकांखालून पाणी वाहू लागायचं आणि मोठेमोठे वकील पाय वर घ्यायचे, असंही म्हणतात. तरी ते त्याला चिडवायचेच.

“अहो नावाडीबुवा, पूल झाला तर तुम्ही खाल काय?”

“तुमच्याकडे जेवायला येईन. पुलावरून चालत.”

हिवाळ्यामागून हिवाळे तो तेच मागत राहिला. अखेर कायदा झाला, पण एका अटीवर. मार्चच्या पहिल्या मंगळवारी पलीकडच्या चर्चमध्ये दोन्ही काठांची सभा भरायची. तिथे दोन्ही काठांनी हात वर केले तरच पूल. आमचा काठ पोचला नाही तर सगळं रद्द.

मार्चमध्ये बर्फ आतून कुजतो. त्या मंगळवारी काठावर आमच्या हेप्झीबाकाकू म्हणाल्या, “परत फिरू या रे. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी आपल्यातलं कोण उरेल, काकू?”

आमच्याकडे नावाड्याने पुढे जायचं असतं. ओबेद काठीने बर्फ ठोकत निघाला. जिथे बर्फ पक्का, तिथे तो फरच्या झाडाची फांदी रोवायचा. फांद्यांच्या रांगेने आम्ही मागून चाललो. पलीकडचा काठ हाकेवर आला आणि त्याच्याखालचा बर्फ फुटला. मी धावलो. कुणीतरी माझा कोट धरून ठेवला. नदीने त्याला नेलं.

आम्ही वळसा घालून पार झालो. रडत नव्हे, चालत. चर्चमध्ये सभापती म्हणाले, “पूल हवा असेल त्यांनी हात वर करा.” आमच्या काठाने दोन्ही हात वर केले.

“एकेकच हात!” सभापती ओरडले.

“दुसरा ओबेदचा आहे,” काकू म्हणाल्या. कुणीही हात खाली घेतला नाही.

मग पलीकडच्यांचेही हात वर गेले आणि पूल झाला. ओबेदच्या फांद्यांना पाण्यातच मुळं फुटली आणि त्या हिरव्यागार समुद्राला मिळाल्या, असं म्हणतात. अजूनही मार्चच्या सभेत पहिल्या ठरावाला आमचा काठ दोन्ही हात वर करतो. सभापती एकच मोजतात आणि पुढच्या ठरावाकडे वळतात.

पण आम्ही वाचलो कसे, ते सांगतो. आमच्या नावाड्यांची खूण ठरलेली: उभी फांदी म्हणजे इथून या. आडवी म्हणजे इथे पाऊल टाकू नका; ती दिसली की मागच्याने पुढच्याला धरायचं. ओबेद छातीपर्यंत पाण्यात होता, हातात शेवटची फांदी होती. ती धरून तो वर यायची धडपड करू शकला असता. त्याने मला धावत येताना पाहिलं आणि फांदी बर्फावर आडवी टाकली.