गाळातले खादाड

फार पूर्वी तळ्यांनाही अध्यक्ष असायचे. अशाच एका तळ्याचे अध्यक्ष होते फुगोजीराव बेडूक. गाळावरचे चिमुकले जिवाणू दिवसभर नुसते खात बसतात, हे त्यांच्या डोळ्यांत सलायचं.

"अहो, गाळातून निघणारा मिथेन वायू खातो आम्ही," जिवाणू म्हणाले. "तो वर गेला तर आभाळ तापेल."

"फुकट खाता आणि वर उपकार सांगता?" फुगोजीरावांनी गाळ ढवळून त्यांना हुसकावून लावलं.

थोड्याच दिवसांत तळंभर बुडबुडे उठू लागले. "पाहा, आमच्या कारकिर्दीत कारंजी आली!" फुगोजीराव फुगले. काठावरच्या बगळ्याने "वा, वा!" केलं.

पुढे आभाळ तापलं, तळं आटलं. लपायला पाणी उरलं नाही, तरी फुगोजीरावांनी जाहीर केलं, "पाणीसुद्धा त्या खादाडांनीच प्यायलं!"

"अगदी बरोबर बोललात, साहेब," म्हणत बगळा आणखी जवळ आला.