सातव्या दारामागचा हत्ती

शप्पथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. म्हणजे, थोडी अक्षरं माझी आहेत.

सानिका घुगे नाशिकच्या एका पेपरात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. रेसिंग असो, मारामारी असो, बाजारातल्या तिन्ही कन्सोलवर, म्हणजे गेमच्या यंत्रांवर, खेळल्याशिवाय ती लेखणी उचलत नसे. निंबकरसाहेबांच्या कंपनीच्या नव्या गेमला तिनं पाचपैकी एकच तारा दिला आणि साहेब खवळले! पेपरच्या भर समारंभात संपादकांसमोर गरजले, "हिनं गेम पुरता खेळलेलाच नाही. मी सात वेळा शेवटपर्यंत खेळलोय. हिचं सदर बंद करा!"

संपादकांनी मान डोलावली. सानिका गोड हसली. "चुकलंच माझं, साहेब. सातव्या दारामागचा तो हत्ती कोणत्या रंगाचा हो?"

"पांढराशुभ्र!" साहेब फुगून म्हणाले. "कल्पना माझीच!"

"हत्तीची पुडी तर मी आत्ता सोडली, साहेब! ते दार उघडतच नाही. तिन्ही कन्सोलवर गेम तिथंच बंद पडतो. चार तारे त्याचेच कापलेत."

सभागृहात हशा उसळला. सदर बचावलं.

आता कबूल करतो, पांढरा रंग माझ्या पदरचा. साहेब 'गुलाबी' म्हणाले होते, पण ते तुम्हाला खरं वाटलं नसतं.