उलटा पीळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या दोन गावांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. मधे खोल दरी, तळाशी कधी न आटणारी नदी, आणि दोन्ही काठांवर दोर वळणाऱ्यांची वस्ती. अलीकडचे लोक उजवा पीळ घालत, पलीकडचे डावा. आपला तेवढा सुलटा आणि समोरच्याचा उलटा, असं दोघांनाही वाटे. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते या लोकांना पाहूनच कुणीतरी म्हटलं असावं.

अलीकडच्या गावात एक म्हातारी राहत होती. तिची एकुलती लेक साळू पलीकडे दिलेली. दरीवर जुना लाकडी पूल होता तोवर साळू सणावाराला येई. एकदा अशीच आली असताना ती बोलता बोलता दोर वळायला बसली, आणि हाताला सवय लागलेली म्हणून सासरचा डावा पीळ पडला. म्हातारीनं तो दोर तिच्या हातातून ओढला आणि अंगणात फेकला.

"असला उलटा पीळ माझ्या घरात नको," ती म्हणाली.

साळू उठून आपलं गाठोडं बांधायला लागली. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली, आणि त्याच पावसाळ्यात कुजलेला पूल कोसळला.

म्हातारीनं अंगणातला दोर उचलून खुंटीला टांगला. त्याला आता बारा वर्षं झाली होती. रोज सकाळी ती कड्यावर जाऊन बसे. पलीकडे पाणवठ्यावर बाया दिसत, मुंगीएवढ्या. त्यातली आपली कोणती ते कळत नसे, म्हणून ती सगळ्यांनाच हात करी. घरी येऊन भाकरीचं पीठ घेताना अजूनही तिच्याकडून दोघींपुरतं घेतलं जाई.

गावांनी खटपट केली नाही असं नाही. बाणांना बांधून निरोप गेले-आले. बाणामागून सुतळी न्यायची, सुतळीमागून दोर ओढायचा, इथवर सगळं जमलं. पण समोरच्याच्या दोरावर भरवसा ठेवायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा शहाण्यांनी वाटणी केली. अर्धा पूल आमच्या दोराचा, अर्धा तुमच्या दोराचा, आणि मधोमध गाठ. दोनदा असा पूल ताणला आणि दोनदा त्यावरून धोंड्यांची टोपली सोडून पाहिली. दोन्ही वेळा टोपली मध्यावर येताच गाठीपाशी दोर गरगर फिरले, उसवले आणि तुटले. अलीकडचे म्हणाले, त्यांनी दगा दिला. पलीकडचेही तेच म्हणाले असणार. बाण थांबले.

तुटलेलं टोक वर ओढलं, तेव्हा लोक त्याला शिव्या घालून निघून गेले. म्हातारीनं मात्र ते हातात घेऊन पाहिलं. दोर कापलेला नव्हता, त्याचा पीळ सुटला होता. साठ वर्षं दोर वळलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? उजवा आणि डावा दोर टोकाला टोक बांधले, की भार पडताच गाठ एकाच अंगाला फिरते आणि दोघांचाही पीळ सुटतो. दगा कुणीच दिला नव्हता. बारा वर्षं कुणाच्याही लबाडीवाचून फुकट गेली होती, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

तिनं खुंटीवरचा साळूचा दोर काढला. त्याचे दोन पेड सोडवले, दोन पेड स्वतःच्या दोराचे घेतले, आणि पूर्वी साळूचे केस गुंफायची तशी चार पेडांची वेणी घातली. तिला पाण्यानं भरलेली घागर टांगली. नुसत्या दोराला टांगलेली घागर नेहमी फिरते. ही जागची हलली नाही.

तशीच घागर तिनं चावडीसमोर टांगून दाखवली. पाटील वेणी निरखत राहिले.

"यातला उलटा पेड कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या लेकीचा," म्हातारी म्हणाली. "मीच फेकला होता. पाटील, तुम्ही पूल वाटून घेतला, मिळून वळला नाही. टोकाला टोक बांधलं की हे दोन पीळ एकमेकांना सोडवतात. शेजारी शेजारी गुंफले की एकमेकांना धरतात."

पाटलांनी घागरीत आणखी चार धोंडे घालून पाहिले. घागर हलेना, तेव्हा त्यांनी ती वेणी बाणाला बांधायला सांगितली.

चार दिवस पलीकडून काही आलं नाही. म्हातारी कड्यावरून उठली नाही. पाचव्या दिवशी बाण आला. त्याला तीच वेणी बांधलेली होती, आता एक वीत लांब झालेली. निरोप कसलाच नव्हता. म्हातारीनं नव्या भागावरून बोट फिरवलं. दर तिसऱ्या वेढ्याला जराशी ओढ दिलेली होती. ही ओढ तिनं एकीलाच शिकवली होती. ती तिथेच बसून रडली.

मग दोन्ही गावांनी आपापल्या पिळाचे, या काठापासून त्या काठापर्यंत पुरतील असे पेड वळले आणि ते एकत्र गुंफले. कुणाचा अर्धा भाग कुठे संपतो, हे शोधूनही सापडेना. धोंड्यांच्या टोपल्या सुखरूप गेल्या. नंतर सगळ्यांआधी म्हातारी निघाली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

पलीकडे एक बाई उभी होती. म्हातारीनं तिला आधी ओळखलंच नाही, कारण तिची वेणी निम्मी पांढरी झाली होती. साळू तिच्याकडे पाठ करून बसली, लहानपणी बसायची तशी. म्हातारीनं ते केस सोडले आणि पुन्हा गुंफले. पण जे पांढरे झाले होते ते पांढरेच राहिले.

वाटून घेतलेलं काम गाठीपाशी सुटतं. गुंफून केलेलं काम भार पेलतं.