प्रसादाच्या पंगतीत चक्कर

मला चक्कर आली, हे कोणी खरं धरलंच नाही. आप्पांचा शिष्य मन्मथ तर हसला. म्हणाला, महानंदाक्का, तुमची गोळी नुसत्या पिठाची होती. पिठानं कुठं चक्कर येते होय?

मी म्हणाले, पिठाची का सोन्याची मला काय ठाऊक. भिंत धरून बसले होते, एवढं ठाऊक.

त्यानं ते मोजलं नाही.

आप्पा मठात गुडघ्याचं औषध देतात. नवं औषध माणसांना सोसतं का, ते मन्मथला तपासायचं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पिठाची गोळी. पिठवाल्यांची औषधाची पाळी नंतर. सरमिसळ नको म्हणून औषधवाले दवाखान्याच्या ओसरीवर बसवले. आम्हाला प्रसादाच्या पंगतीत, खिरीसोबत गोळी.

महिन्यानं तो आप्पांपुढे उभा राहिला. मी खांबाला टेकून होते. गुडघे ठणकत होते. भांडायचंही त्राण नव्हतं.

"औषध बंद करा, आप्पा. ओसरीवर तिघांत एकाला चक्कर. पंगतीत एकालाही नाही. एवढा फरक योगायोगानं पडत नाही."

ओसरीवरची माणसं काठी टाकून चालायला लागली होती. माझी पाळी यायची होती. औषध बंद म्हणजे माझे पाय असेच.

आप्पांनी विचारलं, "पंगतीत विचारलंस?"

"दोन्हीकडे सारखंच विचारलं. काही त्रास झाला का म्हणून."

आप्पा उठले. आतून वाटीभर खीर आणून त्याच्या हातावर ठेवली.

"प्रसाद घे."

मन्मथनं वाटी कपाळाला लावली. खाल्ली. पुसून खाल्ली.

"कशी आहे?"

"गोड आहे, आप्पा."

मला राहवलं नाही. म्हणाले, करपलीय. सकाळपासून मठभर वास सुटलाय.

मन्मथ वाटीकडे बघत राहिला…

"प्रसादाला नाव कसं ठेवू?" तो हळूच म्हणाला.

"प्रसादासोबतच्या गोळीला तरी कोण नाव ठेवणार? पंगतीत ही एकटी बोलली," आप्पा म्हणाले. "तिलाही तू हसलास."



मन्मथनं विचारलं, "मग एवढा फरक आला कशानं? नाव कोणाचं लिहू, आप्पा? औषधाचं, की पिठाचं?"

आप्पांनी रिकामी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मन्मथचं. त्यांना पंगतीत तूच बसवलंस."