ओळीतला चौथा

त्या राज्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकट्याने पोहोचेल इतकं लांब काहीच नव्हतं. भट्टीतून निघालेली तुळई कितीही मोठी असली तरी दरीच्या अर्ध्यावर संपायची. म्हणून तिथे पूल, कोठारं, दरबाराचं छप्पर, सगळं जोडावर उभं होतं. जोड म्हणजे एकीवर एक ठेवलेल्या दोन जाड पोलादी पट्ट्या आणि त्यांच्या आरपार घालून आवळलेले बोल्ट. बोल्ट आपसांत बोलत, रुसत, एकमेकांकडे डोळा ठेवून असत. माणसांना त्यातलं काही ऐकू येत नसे.

दरीवरच्या पुलाच्या मुख्य जोडात सात बोल्ट एका ओळीत होते. सातही एकाच दिवशी घडवलेले, एकाच उंचीचे, एकाच वजनाचे. पट्टीच्या अगदी कडेशी, पहिल्या भोकात जो होता त्याला सगळे म्होरक्या म्हणत. चौथ्याला मधला म्हणत. ज्याला ज्या भोकात घातलं तेच त्याचं नाव झालं होतं, कुणाला विचारून ते दिलेलं नव्हतं. मधल्याला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून टोचत होती. पेटीत तो आणि म्होरक्या शेजारी शेजारी पडलेले होते. काढणाऱ्याचा हात दोन बोटं अलीकडे पडला असता, तर? ह्या ‘तर’पाशी तो दिवसातून कितीदा तरी येऊन थांबायचा.

पूल खुला झाला त्या दिवशी कारभारी आले होते. कठड्यावरून वाकलं की हात जेमतेम पहिल्या बोल्टापर्यंत पोहोचायचा, म्हणून हळदकुंकू म्होरक्याच्या कपाळी लागलं आणि झेंडूचा हारही त्याच्याच डोक्यात अडकवला गेला. मग कारभाऱ्यांनी आखणीदार भिवराबाईंना विचारलं. हा जोड त्यांनीच आखला होता.

“बाई, सात कशाला लागतात? खरं ओझं पेलतं कोण?”

“टोकाचे जास्त पेलतात,” भिवराबाई म्हणाल्या. “गाडी पुलावर चढली की ओढ आधी दोन्ही टोकांना लागते. मधल्यांपर्यंत येईस्तोवर ती बरीच मवाळ झालेली असते.”

“म्हणजे मधले नुसतेच?”

भिवराबाईंनी त्यावर उत्तर दिलं, चांगलं समजावून दिलं. पण मधल्याने ते ऐकलंच नाही. ‘नुसतेच’ ह्या एका शब्दाने त्याचे कान भरून गेले होते.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला सातवा होता. तोही म्होरक्याइतकंच ओझं ओढायचा. पण तो तुळईच्या सावलीत होता. त्याला ना हार पडला, ना कुणी त्याचं नाव घेतलं. मधल्याला त्याचा हेवा कधीच वाटला नाही.

दिवस गेले. दर वर्षी एकदा भिवराबाई पुलाच्या पोटाशी बांधलेल्या फळीवरून सरकत यायच्या. म्होरक्याला लांब दांड्याचा पाना लावून त्याचं आवळलेपण तपासायच्या, त्याच्या कडेची पट्टी बोटांनी चाचपायच्या, कधी त्याच्यावरची धूळ पदराने पुसायच्या. मधल्यांवर हातोडीने एक एक टिचकी. टण, टण, टण. पुढे. मधला त्या टिचकीची वर्षभर वाट बघायचा आणि ती झाली की त्याच्या अंगाची आग व्हायची.

त्याच्या डोक्याखाली, त्याच्या आणि पट्टीच्या मधे, एक चकती होती. दोघांना एकत्रच बसवलं होतं. त्याचा सगळा दाब तिच्यावरून पट्टीत उतरायचा. ती फारसं बोलायची नाही, पण एकदा न राहवून म्हणाली, “अहो, त्याचं कुंकू बघता तसं त्याचं कण्हणंही ऐकत जा की. काल लाकडाच्या गाड्या गेल्या तेव्हा केवढा कळवळला तो.”

“कण्हतो कशाला माहितेय? सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.”

“तुमचं बरं आहे हो. दाबून धरायचं नि राहायचं.”

“बरं आहे?” मधला उसळून म्हणाला. “जन्मभर दाबलेली राहिलीस, तुला काय कळणार?”

त्यानंतर बरेच दिवस चकतीने आपणहून त्याच्याशी बोलणं काढलं नाही.

मग धान्याचा हंगाम आला. राज्यात त्या वर्षी पीक मोप आलं होतं आणि गाड्या दिवसभर पुलावरून जात होत्या. एका दुपारी म्होरक्याचा निरोप आला. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितला, तिसऱ्याने मधल्याला: “म्होरक्या म्हणतोय, मधल्या, जरा नेट लावून धर. माझ्या कडेची पट्टी ताणली जातेय. तू पट्ट्या घट्ट दाबून ठेवल्यास तर मला सोसवेल.”

मधल्याने तो निरोप दोनदा सांगायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा म्होरक्याने त्याच्याकडे काही मागितलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याला भरून आलं असतं. मधल्याला मात्र वाटलं, हा आता मला कामाला लावतोय. मी दाबून धरायचं, आणि पुढच्या हंगामाला हळदकुंकू पुन्हा ह्याच्याच कपाळी.

“सांग त्याला, धरतो म्हणून,” तो म्हणाला.

आणि त्याच दिवसापासून तो सैल पडू लागला.

ते फार सोपं होतं. गाडी गेली की पूल थरथरायचा. इतके दिवस त्या थरथरीला तो अंग ताठ करून उत्तर द्यायचा, आता त्याने ते सोडून दिलं. दर गाडीला त्याचा नट केसभर फिरायचा. पाचव्या दिवशी चकती स्वतःहून बोलली.

“अहो, माझ्यावरचा दाब उतरलाय.”

“मग सुख मान की.”

“कसलं सुख? मी हलतेय. कधी नाही ती हलतेय मी.” “पट्ट्यांच्या मधे फट पडतेय. वरून माणसं जातात हो. लेकुरवाळ्या बाया जातात.”

“पूल त्याने पेललाय ना? मग पेलू दे,” मधला म्हणाला. “सगळ्यांना बघू दे एकदाचं, कितपत पेलतो ते.”

त्याला पूल पडायला नको होता. तेवढा दुष्ट तो नव्हता, निदान स्वतःशी तो तसं म्हणायचा. त्याला एवढंच हवं होतं की म्होरक्याने एकदा, फक्त एकदा, सगळ्यांदेखत हार खावी.

बाजाराच्या दिवशी सकाळी धान्याच्या अकरा गाड्या एकामागोमाग पुलावर चढल्या. सातवी गाडी मधोमध आली आणि जोडातून धाडकन आवाज झाला, तोफ सुटावी तसा. दाब सुटलेल्या पट्ट्या एकमेकींवरून घसरल्या होत्या. सगळी ओढ एकदम टोकांवर गेली. बैल बिथरले. एक म्हातारा गाडीवरून खाली पडला. पुलावर आरडाओरडा झाला आणि माणसं गाड्या सोडून दोन्ही काठांकडे पळाली.

म्होरक्या वाकला. त्याच्या पुढची पट्टी चिरत गेली आणि कडेला दोन बोटं उरली असताना थांबली. मधल्याने त्याचं ओरडणं ऐकलं. ते कुणाला ऐकवण्यासाठीचं ओरडणं नव्हतं. मधल्याने त्या क्षणी अंग ताठ करायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. पण नट आता त्याच्या हातात राहिला नव्हता. तो भोकात नुसता खुळखुळला.

पूल मात्र उभाच राहिला. दुपारी भिवराबाई आल्या, मागोमाग कारभारी आले. काठावर गाव लोटलं होतं.

“बघा, वाकला पण सुटला नाही!” कुणीतरी म्होरक्याकडे बोट दाखवून म्हणालं आणि बाया फळीच्या टोकाशी येऊन त्याला हात जोडू लागल्या. इतका मान म्होरक्याला पूल खुला झाला त्या दिवशीही मिळाला नव्हता. मधला ते बघत होता. इतकं सगळं होऊनही त्याच्या अंगाची तशीच आग झाली. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

भिवराबाई मात्र हातोडी घेऊन ओळीने निघाल्या होत्या. टण. टण. चौथ्यावर आल्या आणि आवाज आला, थप.

त्या थांबल्या. पुन्हा मारली. थप. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आपला तळवा मधल्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो हात कढत होता. मधल्याला वाटलं, हा असाच राहावा.

“इथून सुरुवात झाली,” भिवराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

“हा? अहो, हा तर मधला,” कारभारी म्हणाले. “ह्याच्यावर ओझं ते कितीसं?”

भिवराबाईंनी पाना मागवला. वाकलेला म्होरक्या कापून काढावा लागला. मधला हातानेच निघाला. त्याच्या भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं. भिवराबाईंनी चकती उजेडात धरून निरखली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, “ही चांगली आहे. नव्याखाली हिलाच घाला.”

मधल्याने तिला हाक मारली. तिने ऐकली की नाही, ते त्याला कळलं नाही. तिच्यावर नव्या बोल्टाचं डोकं टेकलं, पाना फिरू लागला, आणि पट्ट्यांमधली फट हळूहळू मिटत गेली. आत्तापर्यंत म्होरक्यावर जळत आलेला तो, आता त्या नव्याकडे बघून जळला. हे जळणं आधीच्यापेक्षा फार खोल होतं.

दोघांना टोपलीत घालून दरीच्या तळाशी नेलं आणि मोडीच्या ढिगावर ओतलं. शेजारी शेजारीच पडले ते.

“तू कसा रे इथे?” म्होरक्याने विचारलं. “तुला तर काही झालं नव्हतं.”

म्होरक्याने पुन्हा विचारलं नाही. वाकल्यामुळे त्याला फक्त वरच बघता येत होतं.

आठवड्याभरात वरचं काम संपलं. चिरलेल्या कडेवर नवा तुकडा बसला, नव्याजुन्या सातही डोक्यांवरून रंगाऱ्याचा एकच काळा हात फिरला. पहिली गाडी गेली. काही वाजलं नाही. दोघांनी पहिल्यांदाच पूल खालून, लांबून पाहिला. पुलाच्या पोटाशी सात काळे ठिपके एका ओळीत होते.

“मधल्या,” म्होरक्या म्हणाला, “ह्यातला मी कुठला होतो रे? ह्या टोकाचा, की त्या?”

मधल्याने एक टोक पाहिलं, मग दुसरं. कठडा इतक्या खालून दिसत नव्हता. सावली आता दोन्हीकडे सारखीच पडली होती.

“नाही ओळखू येत,” तो म्हणाला.

मग तो स्वतःचं भोक शोधू लागला. ह्या टोकाकडून त्याने मोजलं आणि चौथ्यावर थांबला. मोजण्यात चूक नको म्हणून मग त्या टोकाकडून मोजत आला, आणि पुन्हा त्याच ठिपक्यावर येऊन थांबला.