युलालीनं काढलेला चेहरा

कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर युलाली नावाची मुलगी राहत होती. तिचे वडील होड्या बांधत. होडी तयार झाली की तिच्यावर नाव रंगवायचं काम युलालीकडे असे. नावाशेजारी ती होडीच्या मालकाचा चेहराही काढी. तो इतका हुबेहूब असे, की किनाऱ्यावरची माणसं होडी कुणाची ते लांबूनच ओळखत.

बेटावर एक चित्रशाळा होती. उसाच्या मळ्यांचा गोरा मालक व्हिटेकर तिचा प्रमुख होता. तिथे शिकायला मिळावं म्हणून युलाली आपली चित्रं घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं ती चाळली आणि परत केली.

"कोळ्यांचे काळे चेहरे दिवाणखान्यात कोण लावणार? घरी जा, पोरी."

युलाली घरी गेली, पण तिनं चित्रं काढणं सोडलं नाही. मासळी विकणाऱ्या बायका, सुईणी, क्रिकेट खेळणारे तरुण, जो समोर बसेल त्याला ती रंगवत राहिली. वर्षं गेली. बेट स्वतंत्र झालं. नव्या पंतप्रधानांनी आपलं चित्र तिच्याकडूनच काढून घेतलं. परदेशांत तिची प्रदर्शनं भरली. ज्या चेहऱ्यांना व्हिटेकरनं नाक मुरडलं होतं, तेच आता मोठमोठ्या दालनांत झळकू लागले.

म्हातारपणी व्हिटेकरनं आपला बंगला गावाच्या वाचनालयाला दिला. तिथे त्याचं चित्र लावायचं ठरलं, आणि नगरपालिकेनं ते काम युलालीला सांगितलं. गावाला भलताच आनंद झाला. तिचा भाऊ मॉरिस म्हणाला, "आता बरा सापडलाय! असा काढ, की पोरांनी बघून हसावं."

युलालीनं पहिलं रेखाटन तसंच केलं. बारीक डोळे, वाकडं तोंड. मॉरिस पोट धरधरून हसला. युलालीही हसली. मग ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली, आणि तिनं तो फाडून टाकला.

"अगं, फाडलास कशाला? किती छान जमला होता!"

"ह्यात तो कुठे आहे? नुसता माझा राग आहे. असं चित्र मी आजवर कुणाचं काढलं नाही. त्याच्यापायी माझा हात का बिघडवू?"

मग व्हिटेकर चित्रासाठी येऊन बसला. तो थकला होता. त्यानं काठी खुर्चीला टेकवून ठेवली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ओठ जरा मऊ काढता येतील का?"

"नाही, साहेब. आहेत तसेच येतील."

चित्राच्या अनावरणाला वाचनालय माणसांनी भरून गेलं. पडदा सरकला. कुणालाच हसू आलं नाही. चित्रातले ओठ कठोर होते. डोळ्यांत मात्र एका म्हाताऱ्याचं एकटेपण होतं. इतकी वर्षं त्याला पाहणाऱ्या गावाला ते कधी दिसलंच नव्हतं.

व्हिटेकर काठी टेकत चित्रापर्यंत गेला. "मला वाटलं होतं, तुम्ही माझं हसं कराल," तो म्हणाला.

"हसं कुणीही करील, साहेब. त्याला चित्रकार कशाला लागतो?"

व्हिटेकरनं सगळ्यांदेखत डोक्यावरची टोपी काढली.

व्हिटेकर जाऊन आता बराच काळ लोटला. वाचनालयात परदेशी पाहुणे येतात आणि त्या चित्रापुढे थबकतात. हा माणूस कोण, हे फारसं कुणी विचारत नाही. चित्र कुणी काढलं, एवढंच विचारतात. दाराशी बसलेला रखवालदार तेव्हा उठून उभा राहतो आणि म्हणतो, "आमच्या युलालीनं!"

तात्पर्य: ज्याला आपल्या कलेचा खरा अभिमान असतो, तो तिला खुशामतीलाही जुंपत नाही आणि सूडालाही.