काचेच्या कपाटातले कॅनबेरा

एकदा एका लाकडाच्या व्यापाऱ्याने आपल्या वृद्ध गुरूला घरी बोलावले, ते आशीर्वादासाठी नव्हे, साक्षीसाठी. धाकट्या भावाने आपले केवढे नुकसान केले आहे, हे गुरूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि चार लोकांत सांगावे, एवढीच त्याची इच्छा होती.

हा गुरू वेद-वेदान्त शिकवणारा नव्हता. उभी हयात त्याने हवाई दलात फिटर म्हणून काढली होती आणि युद्धावर जाणारी विमाने त्याच्या हातून दुरुस्त होऊन उडाली होती. निवृत्तीनंतर तो गावातल्या हौशी मंडळींना त्याच विमानांच्या प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडायला शिकवी. सगळे त्याला अण्णा म्हणत. व्यापारी हा त्याचा आवडता शिष्य. वय पन्नाशीचे, दिवसभर वखारीत ओंडके आणि फळ्या यांच्याशी गाठ. पण संध्याकाळी चिमट्यात मुगाच्या दाण्याएवढा भाग धरून तासन् तास बसण्याची चिकाटी त्याच्या अंगी होती. राग मात्र सदैव नाकाच्या शेंड्यावर.

दिवाणखान्यात काचेचे एक कपाट होते आणि त्यात एकच विमान होते. एकाहत्तरच्या युद्धातले कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमान, हातभर लांबीचे, हिरव्या-करड्या रंगाचे. त्याचा डावा पंख निखळून शेजारी पडला होता. पुढ्यात एक पांढरे कार्ड उभे केले होते. त्यावर लिहिले होते, ‘मुकुंदाची कृपा’. एवढ्या सुबक अक्षरात एवढा विखार क्वचितच कोणी लिहिला असेल.

प्रकरण तीन वर्षांपूर्वीचे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले होते. दीड वर्ष खपून व्यापाऱ्याने हे विमान तयार केले होते. त्याचा धाकटा भाऊ मुकुंदा मोठ्या कौतुकाने विमानाची पेटी मांडीवर घेऊन बरोबर गेला. मंडपात व्यापारी पाठमोरा होऊन नाव नोंदवीत असताना मुकुंदाने विमान पेटीतून उचलले आणि पंख टेबलावर पडला. व्यापारी वळून पाहतो तो हे दृश्य!

“दादा, मी नुसतं उचललं रे. तो आपोआप सुटला,” मुकुंदा म्हणाला.

आपोआप! या एका शब्दाने व्यापाऱ्याचे डोके जे फिरले ते फिरलेच. आपटल्याशिवाय पंख तुटतो होय? त्याने भर मंडपात भावाला धांदरट म्हटले. मुकुंदा पुन्हा ‘आपोआप’ म्हणाला, तेव्हा त्याने त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हटले.

तेव्हापासून एकाच घरात वर थोरला आणि खाली धाकटा, असे दोघे भाऊ अबोल्याने राहत होते. वखार एकच होती, पण निरोप दिवाणजींमार्फत जात. “सांगा तुमच्या धाकट्या मालकांना,” असे थोरला म्हणे, आणि धाकटे मालक चार हातांवर उभे असत. वर येईल त्या पाहुण्याला व्यापारी चहाच्या आधी कपाटापाशी नेई. आता मुकुंदाने जाहीर केले होते, की दिवाळी झाली की तो बायको-मुलीला घेऊन दुसऱ्या गावी जाणार आणि तिथे स्वतःची वखार घालणार. पेठेतले लोक थोरल्यालाच नावे ठेवू लागले होते. ते त्याला झोंबत होते, आणि त्याहून जास्त झोंबत होते ते त्याने कोणालाच सांगितले नव्हते. वडील गेले तेव्हा मुकुंदा सात वर्षांचा होता. थोरल्यानेच त्याला बोटाला धरून वाढवले होते, आणि तो आता घर सोडून निघाला होता.

अण्णांनी कपाट उघडायला लावले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, निखळलेला पंख उचलून उलटसुलट करून पाहिला आणि होता तिथे परत ठेवला.

“वाईट झालं,” ते म्हणाले.

“झालं नाही अण्णा, केलं! करून वर खोटं बोलला. तुम्हीच सांगा आता, यात माझं काय चुकलं?”

अण्णांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला. “माझं एक काम करशील? असंच एक विमान मला करून दे.”

“नवं?”

“मोडलेलं. अगदी याच जागी, अस्संच मोडलेलं. दिवाळीच्या आत.”

व्यापाऱ्याला वाटले, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मग वाटले, थट्टा करतो आहे, आणि त्याचा पारा चढला. “अण्णा, मी तुम्हाला न्याय करायला बोलावलं. तुम्ही मला पोरखेळ लावता?” पण अण्णा तोवर जिना उतरू लागले होते. ज्यांनी चिमटा धरायला शिकवले त्यांना नाही म्हणणे त्याच्या जिवावर आले. त्याने तसाच सुट्या भागांचा संच मागवला आणि श्रावणात कामाला बसला.

अडीच महिने तो धुमसत होता. चांगले विमान करायचे ते मोडण्यासाठी! असले काम कोणी शहाणा माणूस सांगतो? दिवाणजींवर खेकसावे, बायकोवर खेकसावे आणि मग दिव्याखाली बसून प्लॅस्टिकचे भाग घासावेत, असा क्रम चालू राहिला. अण्णा आठवड्यातून एकदा येत, बघत आणि जात. एकदाच ते बोलले. व्यापारी रंगवलेला पंख धडाला जोडायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

“सांधा बघितलास?”

“हे मला शिकवायला नको,” तो फणकारला, आणि पाते घेऊन सांध्यावरचा रंग खरवडू लागला. ही या कामातली पहिली इयत्ता. जोडायचे द्रावण प्लॅस्टिक विरघळवते आणि दोन भाग एकजीव करते. पण मध्ये रंगाचा थर राहिला, तर ते प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही, वरच्यावर रंगालाच धरते. त्याने दोन्ही बाजू नितळ केल्या, मग जोड दिला.

वसुबारसेच्या सकाळी विमान पूर्ण झाले. पहिल्याहूनही देखणे झाले होते. खाली अंगणात मुकुंदाच्या सामानाची बांधाबांध चालली होती आणि दोरखंड ओढल्याचे आवाज वर येत होते. अण्णा खुर्चीत बसले होते.

“मोड आता,” ते म्हणाले.

व्यापाऱ्याने विमान टेबलाच्या उंचीवरून फरशीवर सोडले. पुढचे चाक तुटले. पंख जागच्या जागी.

त्याने ते उचलून छातीच्या उंचीवरून टाकले. शेपटीचा तुकडा उडाला. पंख जागच्या जागी.

आता मात्र त्याचे भान सुटले. अडीच महिन्यांचा राग, तीन वर्षांचा राग, खालून येणाऱ्या त्या दोरखंडाच्या आवाजाचा राग, सगळा एकवटून त्याने विमान डोक्यावर नेले आणि आपटले. पंख मोडला, पण इंजिनाच्या पलीकडे, अर्ध्यावर. मोडलेल्या कडा पांढऱ्याफटक आणि करवतीसारख्या दातेरी होत्या.

“तसा नाही तो,” अण्णा शांतपणे म्हणाले. “कपाटातला सांध्यापाशी सुटलाय.”

“दाखवतो सांध्यापाशी!” व्यापारी ओरडला. त्याने धड गुडघ्याखाली दाबले, उरलेला पंख दोन्ही हातांनी धरून पिळला. धडाचा तुकडा पंखाबरोबर फाटून आला, पण सांधा काही सुटला नाही. त्याच्या तळव्यातून रक्त आले.

“नाही होत!” तो धापा टाकत ओरडला. “असा तुटतच नाही हो तो! नुसता सांध्यातून आख्खा पंख कधी—”

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आले होते.

तो उठून कपाटापाशी गेला. तीन वर्षे त्याने या कपाटाची काच रोज पुसली होती, पण आतल्या पंखाला एकदाही हात लावला नव्हता. आज त्याने तो हातात घेतला. सांध्यावर हिरवा रंग होता, गुळगुळीत, जसाच्या तसा. धडाच्या बाजूलाही रंगच होता. वर वाळलेल्या द्रावणाचा पापुद्रा तेवढा. नखाने तो सहज निघून आला.

मग त्याला आठवले. प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते. पाते टेबलावर समोर पडले होते. ‘एवढ्याने काय होतंय,’ असे म्हणून त्याने रंगावरच जोड दिला होता. मुकुंदा खरे बोलला होता.

पण राग इतक्या लवकर माणसाला सोडत नाही. तो फक्त जागा बदलतो. व्यापारी अण्णांवर उसळला. “तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं!”

“दिसलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? अडीच महिने मला घाण्याला जुंपलंत!”

आता अण्णांचाही आवाज चढला. “बोललो असतो तर ऐकलं असतंस? मला त्याचा वकील ठरवून जिन्याखाली पाठवलं असतंस! अरे, आमच्याकडं विमान बिघडून आलं, की वैमानिकाला शिव्या घालायच्या आधी आम्ही दुरुस्तीचे कागद काढायचो. हा सांधा शेवटी कोणी आवळला? मी आधी माझी सही शोधायचो. सापडू नये असं वाटायचं, पण शोधायचो. तू तीन वर्षांत एकदा तरी शोधलीस? राग आलेला माणूस पुरावा बघत नाही रे, नुसता दाखवत सुटतो.”

व्यापाऱ्याने हातातला पंख टेबलावर ठेवला. तो म्हणाला, “जातो. पाय धरतो त्याचे. माफी मागतो.”

“आणि मोकळा होतोस!” अण्णा कडाडले. “माफी मागून तू हलका होशील. त्याचं काय? तीन वर्षं तू त्याला तोंड उघडू दिलं नाहीस. जा, खरं काय ते सांग, आणि मग गप्प राहा. त्याचा राग पुरता ऐकून घे. मध्ये बोललास तर पुन्हा रंगावरच जोड दिलास म्हणून समज.”

व्यापारी जिना उतरला. मुकुंदा एका ट्रंकेला दोरी बांधत होता. थोरल्या भावाला दारात पाहून तो ताठ झाला.

“पंख मीच नीट जोडला नव्हता,” व्यापारी म्हणाला. “रंग खरवडला नव्हता मी. तो आपोआपच सुटला. तू खरं बोलत होतास.”

मुकुंदाच्या हातातली दोरी गळाली. क्षणभर वाटले, तो रडेल. पण त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“आत्ता कळलं? आत्ता?” तो गरजला. “माझं सामान बांधून झाल्यावर? वखारीतले हमाल माझ्या पाठीमागं ‘आपोआप’ म्हणून हसतात, माहीत आहे तुला? फळी पडली, आपोआप! दोर तुटला, आपोआप! माझ्या रेवतीला बघायला आलेली माणसं जिना चुकून वर आली, तर त्यांनासुद्धा दाखवलंस ते कपाट! चहा न घेता गेली ती! माझी पोर तीन दिवस जेवली नाही. एका प्लॅस्टिकच्या खेळण्यापायी मला खोटारडा केलंस तू, दादा!”

‘ती रेवतीला बघायला आलीत हे मला ठाऊक नव्हतं,’ असे शब्द व्यापाऱ्याच्या जिभेवर आले. ‘मी तुला लहानाचा मोठा केला,’ हेही आले. दोन्ही त्याने गिळले. त्याला गुरूचे म्हणणे आता कळत होते. खरवडताना लागते ते असे.

मुकुंदाला बोलता बोलता धाप लागली. तांब्यातले पाणी घटाघटा पिऊन त्याने तोंड पुसले आणि दारात अजून तसाच उभ्या असलेल्या भावाकडे पाहिले.

“उभा काय राहिलास? बस,” तो म्हणाला. “माझं अजून पुष्कळ बाकी आहे.”

थोरला भाऊ बांधलेल्या ट्रंकेवर बसला, आणि ऐकू लागला.